पडलं ते पडलं

प्रिय धाकटे,

तुझा जाडजूड लखोटा मागच्या मंगळवारी मिळाला. पोस्टमननं पोचपावती पुढे केली आणि मी दारातच फर्रकन सही ठोकली. आत तू पाठवलेल्या कागदावर मात्र आज नऊ दिवस झाले तरी सही झालेली नाही. तो चहाच्या डब्याखाली आहे. सकाळी डबा उचलला की दिसतो, परत ठेवला की दिसत नाही. तुझी वहिनी दोनदा म्हणून झाली, "सव्वीस वर्षं हजेरीपटावर सह्या केल्यात, आता काय अक्षरं विसरलात?" मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. ती म्हणाली, मग पेपरातली कोडी कशी सुटतात? या बाईपुढे माझं कधी काही चाललं आहे का, ते तुला माहीतच आहे.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचताना छाती फुगली, हे कबूल करतो. किनाऱ्यावरच्या सात केंद्रांच्या नोंदी तू एकत्र केल्यास. सहा ठिकाणी खडकांवरचं जीवन गेल्या पंचवीस वर्षांत निम्म्याच्याही खाली आलं, आणि एकटा आपला किनारा जसाच्या तसा. तुझ्या ऑफिसातली माणसं म्हणाली, शाळा अर्धवट सोडलेल्या मोजणीवाल्याच्या वह्यांवर एवढा भरवसा कसा ठेवायचा? तू तीन महिने त्यांच्याशी भांडलीस. भर बैठकीत म्हणालीस, "माझा दादा एक आकडा खोटा लिहिणार नाही." आता अहवाल तयार आहे आणि त्याच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे. हा किनारा चिवट आहे, मासळीच्या कारखान्यानं दुसरा पाइप समुद्रात सोडला तरी त्याला सोसेल, असं त्यात लिहिलंय. अठरा तारखेला सुनावणी आहे. त्याआधी मी फक्त एवढंच लिहून द्यायचं, की सगळी मोजणी ठरलेल्या पद्धतीनं झाली. शेवटी गमतीनं तू हेही विचारलंस, की दादा, तुझं पेन गळतं का रे? आकड्यांच्या शेजारी जिकडेतिकडे शाईचे ठिपके आहेत, टाइप करणाऱ्या मुली वैतागल्या. पेनाचं शेवटी लिहितो.

इकडचं बरं चाललंय. हवा बदलली की तुझ्या वहिनीचा एक गुडघा बोलतो. माझे दोन्ही बाराही महिने बोलके. स्वयंपाकघराची खिडकी खाऱ्या वाऱ्यानं इतकी फुगलीय की लागत नाही, तिला मी दोरी बांधून ठेवलीय आणि ही तात्पुरती सोय तीन वर्षं झाली तरी चालू आहे. समोरचा बोटवाला पूर्वी न्याहारीला घरी असायचा, आता दुपार टळल्यावर येतो. म्हणतो, जवळच्या पाण्यात काही राहिलंच नाही, आणि लांब गेलं तर जाळ्यात मासळीपेक्षा जेलीफिश जास्त. परवा ते गिळगिळीत गोळे काढताना त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. त्याची सून कारखान्यात माशांची डोकी उडवायच्या टेबलावर आहे. आपल्या गल्लीतली नऊ घरं त्या कारखान्यावर आहेत. दुसरा पाइप आला की कारखान्याची दुसरी पाळी सुरू होणार, म्हणून सगळे तुझ्या अहवालाकडे डोळे लावून बसलेत. दुकानदारानं साबणाची वडी हातात देताना मला सांगितलं, "तुमच्या बहिणीनं गावाचं भलं केलं." मी वडी घेऊन तसाच बाहेर पडलो, काड्यापेटी घ्यायची विसरलो. जाताना पहिल्या पाइपाच्या तोंडाशी गेलो. तिथलं पाणी कोमट लागतं. खडकांवर केसाळ हिरवं शेवाळ माजलंय, पाय ठेवला तर माणूस थेट बसतोच.

साहेब आठवतात ना तुला? दाढीवाले. एकदा आपल्याकडे जेवायला आले आणि ताटातल्या शिंपल्यांची वयं सांगत बसले, तेव्हा आई म्हणाली होती, "आधी जेवा, मग वय काढा." त्यांनीच मला नोकरीवर घेतलं. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात हातभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट दिली आणि ओहोटीच्या वेळी खडकांवर नेऊन मला उलटं उभं केलं. खडकाकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि चौकट खांद्यावरून मागे फेकायची. ती जिथे पडेल तिथे जाऊन तिच्या आत किती टोप्या आहेत ते मोजायचं. टोप्या म्हणजे खडकाला घट्ट चिकटून बसणारे ते टोपीसारखे शंख. शास्त्रातलं त्यांचं लांबलचक नाव तुला पाठ आहे, आम्ही आपले टोप्याच म्हणत आलो. असं वीस वेळा, दर महिन्याच्या सगळ्यांत मोठ्या ओहोटीला. मी विचारलं, त्यापेक्षा डोळे उघडे ठेवून नीट जागा बघून चौकट का नाही ठेवायची? साहेब म्हणाले, "डोळा लबाड असतो. तो भरलेली जागा शोधतो. फेकलेलं प्रत्येक लिहायचं. शून्य आलं तर शून्य." मला एकदम हसू आलं. साहेबांना वाटलं मी त्यांच्या दाढीला हसलो. मला तू आठवली होतीस.

सापशिडी खेळताना माझा फासा मनासारखा पडला नाही, की मी तो झटकन उचलायचो आणि म्हणायचो, हा धरायचा नाही, हात घसरला. तू सहा वर्षांनी लहान, चणीनं चिमटीएवढी, पण दोन्ही हातांनी माझं मनगट धरून घर डोक्यावर घ्यायचीस. "पडलं ते पडलं! पडलं ते पडलं!" आई आतून ओरडायची, धाकटी म्हणते ते बरोबर आहे, ठेव तो फासा. मग मी मुकाट्यानं नव्वदीतून सापाच्या तोंडी जायचो आणि तू लोळून लोळून हसायचीस. गंमत म्हणजे स्वतःचा फासा वाईट पडला तरी तू तेवढ्याच जोरात तेच म्हणायचीस आणि रडत रडत सोंगटी खाली आणायचीस. तू शास्त्राकडे गेलीस याचं गावाला नवल वाटलं, मला नाही वाटलं. ज्याचा पिंड जसा. माझा पिंड कसा होता ते आईला ठाऊक होतं, साहेबांना नव्हतं.

पहिली आठ वर्षं मात्र मी साहेबांचं अक्षर न् अक्षर पाळलं. वीस वेळा फेकायचो आणि वीस आकडे लिहायचो. बारा, नऊ, चौदा, मध्येच एखादं शून्य, पुन्हा अकरा. शून्याचं काही वाटायचं नाही, कारण पुढची चौकट भरलेली असायची. टोपीची एक खोड तुला माहीत आहे. ती पाण्याखाली चरायला हिंडते आणि ओहोटीच्या आत नेमकी स्वतःच्या जागेवर परत येते. तिच्या कडेच्या मापानं खडकाला गोल खळगा पडलेला असतो, दुसरी टोपी तिथे बसत नाही. मला त्या जागा तोंडपाठ झाल्या होत्या. अमक्या फटीपाशी दोन जाड्या, तमक्या कपारीत सात-आठ पिल्लं. घरी येऊन मी त्यांच्या बातम्या सांगायचो आणि तुझी वहिनी म्हणायची, शेजारीपाजारी कोण राहतं ते विचारलं तर सांगता येणार नाही, पण टोप्यांचे पत्ते पाठ आहेत.

नवव्या वर्षी उन्हाळ्यात सहा आठवडे पाणी तापलेलंच राहिलं. त्याच सुमाराला साहेबांना दवाखान्यात ठेवलं. मी दर महिन्याला मोजणी झाली की बसनं त्यांना भेटायला जायचो. माणूस निम्मा झाला होता, दाढी तेवढी शाबूत. त्यांनी मला ना ऑफिसचं विचारलं, ना साहेबीण बाईंचं. विचारलं, "कसा आहे आपला किनारा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मजेत आहे, साहेब." ते म्हणाले, "पुढच्या वेळी वही आण, आकडे वाचून दाखव." पुढच्या महिन्यात मी वही नेली आणि वीसच्या वीस आकडे वाचून दाखवले. आकडे चांगले होते. साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, चिवट आहे हो आपला किनारा. तुझ्या अहवालातला हा शब्द कुठून आला असेल, ते तुला आता कळेल. तो मीच तुला फोनवर सांगितला होता. सहा महिन्यांनी साहेब गेले.

आता परवाची गोष्ट. माझ्या जागेवर जी आली आहे, ती तिशीतली आहे. घरी वर्षाचं मूल सासूकडे ठेवून येते, आणि मला काका म्हणते. तिचा निरोप आला, की काका, खडकांवरच्या रंगाच्या खुणा पुसट झाल्यात, एकदा हद्द दाखवून जा. मी काठी घेऊन गेलो. तिनं खडकाकडे पाठ केली, डोळे मिटले आणि चौकट फेकली. ती पडली कोऱ्या खडकावर. गोल गोल खळगे होते, फोटो काढून घेतल्यावर भिंतीवर डाग उरतो तसे, पण टोपी एकही नव्हती. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी चौकट उचलली. ती म्हणाली, "अहो काका, राहू द्या ना, लिहायचंय अजून." तिनं शून्य लिहिलं. पुन्हा फेकली, पुन्हा शून्य. वीसपैकी तेरा वेळा तिनं शून्य लिहिलं आणि दरवेळी तिचं अक्षर तेवढंच सुरेख होतं. परत येताना मला हात देता देता तिनं विचारलं, "काका, तुमच्या वह्यांच्या झेरॉक्स मी चाळल्या. पहिल्या आठ वर्षांत अधूनमधून शून्य आहे. नंतरच्या अठरा वर्षांत एकही नाही. असं कसं हो?" तिच्या विचारण्यात काही वाकडं नव्हतं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "नशीब." सव्वीस वर्षं शास्त्राच्या खात्यात काढलेल्या माणसानं दिलेलं हे उत्तर! घरी येऊन ताटावर बसलो आणि तसाच उठलो.

तर ऐक. साहेबांना आकडे वाचून दाखवायचे होते त्या महिन्यात माझी चौकट तीन वेळा कोऱ्या खडकावर पडली. तिन्ही वेळा मी ती उचलली आणि पुन्हा फेकली. हा धरायचा नाही, हात घसरला. मजेत आहे म्हणून सांगून बसलो होतो, आता ते खोटं ठरू नये म्हणून वही त्याच्या मापानं लिहिली. साहेब गेल्यावर तरी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्यांदा उचलणं पहिल्यापेक्षा सोपं असतं, आणि तिसऱ्यांदा तर माणूस उचलतोय हेही विसरतो. शास्त्रात याला काय म्हणतात ते तू सांगशील, आईच्या भाषेत याला रडीचा डाव म्हणतात. त्या खळग्यांत कोण राहत होतं ते मला ठाऊक होतं, त्यामुळे तिथे शून्य लिहायला माझा हात उचलतच नसे. आणि खरं सांगायचं तर मोठेपणाही होता. इतरांचे आकडे उतरत होते आणि वार्षिक बैठकीत सगळे म्हणायचे, या गड्याचा किनारा बघा. मी तिथे बसून बिस्किटं खायचो आणि मान डोलवायचो. शेवटच्या चार वर्षांत तर गुडघ्यांमुळे मी फेकणंही सोडलं. जिथे टोप्या उरल्या होत्या त्या दोन-तीन कपारींत जायचो आणि चौकट हातानं अलगद ठेवायचो. तू ज्याला चिवट किनारा म्हणतेस, तो त्या दोन-तीन कपारींएवढा आहे. बाकीचा कधीच गेला.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. काल तुझ्या वहिनीला सांगितलं. ती शेंगा सोलत होती, सोलायची थांबली नाही. म्हणाली, "मग तसं लिहून पाठवा की. ती काय तुम्हाला खाणार आहे?" थोड्या वेळानं टरफलं गोळा करता करता म्हणाली, "आणि खाल्लं तर खाल्लं." गप्प बसून सही केली असती तर झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळतं. गल्लीत मान राहिला असता, पहिल्या पानावर नाव राहिलं असतं. पण दुसरा पाइप आला की त्याचं पाणी पहिल्यांदा त्या कपारींवरच जाणार, आणि तो तिथे माझ्या सहीनं आलेला असणार.

आता पेनाचं. माझं पेन कधीच गळलं नाही. साहेबांनी सांगितलं होतं, फेकलेलं प्रत्येक लिहायचं. शून्य लिहायची हिंमत मला नव्हती आणि काहीच न लिहिण्याचीही नव्हती. म्हणून कोऱ्या खडकावर पडलेली चौकट उचलली, की पुढच्या आकड्याच्या शेजारी मी एक ठिपका द्यायचो. दोनदा उचलली तर दोन. आत एक टोपी जरी असली तरी आकडा लिहिलेला आहे, ठिपका म्हणजे पूर्ण रिकामी. तुझ्या मुलींनी शाईचे डाग म्हणून गाळले ती सगळी माझी शून्यं आहेत. काल झेरॉक्स मागवून पडताळून पाहिलं. बाविसाव्या वर्षातलं शेवटचं पान काढ. वीस आकड्यांची बेरीज दोनशे चार, म्हणून तुम्ही सरासरी दहा धरलीत. त्या पानावर एकतीस ठिपके आहेत. वीस आणि एकतीस मिळून एक्कावन्न फेकी झाल्या. एक्कावन्ननं भाग, चार येतात. नवव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत असंच करत जा, म्हणजे आपला किनाराही बाकीच्या सहांसारखाच निघेल. शेवटची चार वर्षं धरूच नकोस, तिथे ठिपकेही नाहीत. तुझ्या कागदावरचं छापील वाक्य मी खोडलंय, खाली माझ्या अक्षरात हे सगळं लिहून सही केलीय आणि तो कागद सोबत जोडलाय. भर बैठकीत माझ्याबद्दल म्हणालीस ते शब्द तुला परत घ्यावे लागतील, माझ्यामुळे तू तोंडघशी पडशील, त्याची मला फार लाज वाटते, धाकटे. पण अहवाल तसाच जाऊ देऊ नकोस. नाव ठेवायचं की काढायचं ते तू ठरव. रागावलीस तर फोन करू नकोस, सरळ ये आणि मनगट धरून ओरड, मध्ये पडायला आता आई नाही. पडलं ते पडलं, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. आणि ठिपके मोजायला बसशील तेव्हा भिंग घेऊन बस. सुरुवातीचे चांगले ठळक आहेत, पुढचे पुढचे मी फार बारीक काढलेत.

तुझाच,
दादा